त्रिकोणी पट्टी आणि शेंगदाणा

फिलाडेल्फिया शहरातल्या म्युटर संग्रहालयात एक खणाखणांचं कपाट आहे. त्यात २,३७४ वस्तू नीट लावून ठेवल्या आहेत. बटणं, सेफ्टी पिना, नाणी, हाडांचे तुकडे, बिया, खेळण्यांचे अवयव, इतकंच काय, शाळेचा एकही दिवस न बुडवल्याबद्दल बक्षीस मिळालेली एक पिनसुद्धा. शेवॅलिए जॅक्सन (१८६५–१९५८) या शल्यविशारदानं आयुष्यभरात रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासमार्गातून या वस्तू काढल्या. रुग्णांत लहान मुलं पुष्कळ होती. दाढा येईपर्यंत मुलाच्या हाती शेंगदाणा देऊ नका, हे जॅक्सन आईबापांना सांगत राहिला. हाच गृहस्थ १९३५ ते १९४१ या काळात पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचा अध्यक्ष होता. मराठी वाचकाला हे महाविद्यालय वेगळ्या कारणानं ठाऊक असतं. आनंदीबाई जोशी तिथूनच मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या, अमेरिकेत थांबल्या, आणि त्याच शहरात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचं शिक्षण घेतलं. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा ती पद्धत त्यांच्याबरोबर आली. मुलांना शिकवण्याची विद्या आणि मुलांचा अडकलेला श्वास मोकळा करण्याची विद्या अशा एकाच शहराच्या आसपास वाढल्या. महाराष्ट्रात मात्र त्या वेगवेगळ्या वाटांनी आल्या, वेगवेगळ्या घरांत उतरल्या, आणि शंभर वर्षं शेजारी राहूनही त्यांची गाठ पडली नाही.

बालवाडीतल्या किंवा अंगणवाडीतल्या मुलाच्या घशात काही अडकलं, तर तिथल्या ताईला काय करता येईल, या प्रश्नाचं उत्तर या इतिहासात आहे. गेल्या काही वर्षांत सौदी अरेबिया, तुर्कस्तान, चीन अशा वेगवेगळ्या समाजांत बालशिक्षिकांच्या प्रथमोपचार-ज्ञानाच्या पाहण्या झाल्या आणि त्यांचा सूर साधारण एकच निघाला: शिकायची इच्छा भरपूर, हाताला सवय नाही. अशा पाहण्या वाचून शिक्षिकांना दोष देणं सोपं आहे. दोष त्यांचा नाही, असं माझं म्हणणं आहे. बालशिक्षणाची संस्था आपल्याकडे ज्या शत्रूंशी लढायला उभी राहिली ते सगळे सावकाश मारणारे होते: उपासमार, घाण, खरूज, जंत, देवी, घटसर्प. आणि प्रथमोपचाराची विद्या ज्या शरीरांसाठी रचली गेली ती प्रौढ पुरुषांची होती. काही मिनिटांत जीव घेणारा, साडेतीन वर्षांच्या मुलाच्या घशात बसलेला शेंगदाणा या दोन्हींच्या मधल्या फटीत पडला.

प्रथमोपचाराचं मूळ रणांगणावर आहे. जर्मन लष्करी शल्यविशारद फ्रीडरिक फॉन एस्मार्क यानं सैनिकांसाठी त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला किल शहरात सामान्य नागरिकांसाठी वर्ग काढले. इंग्लंडात सेंट जॉन अॅम्ब्युलन्स असोसिएशन १८७७ साली स्थापन झाली. तिचे पहिले वर्ग १८७८ मध्ये वुलिच इथे घेणारा पीटर शेपर्ड हाही लष्करी डॉक्टरच. पुढच्याच वर्षी झुलू युद्धात इसांडलवाना इथे तो मारला गेला. रणांगणावरून ही विद्या खाणींत, रेल्वेत, गिरण्यांत गेली, कारण माणसं तिथेही तशीच चिरडत, भाजत, रक्तबंबाळ होत. भारतात सेंट जॉनची शाखा १९१० साली उघडली, रेडक्रॉस १९२० च्या कायद्यानं आली, आणि त्यांचे वर्ग भरले ते मुख्यतः रेल्वे, पोलीस, कारखाने, स्काउट, पुढे नागरी संरक्षण आणि होमगार्ड यांच्यासाठी. शाळकरी वयात ज्यांनी प्रथमोपचाराची परीक्षा दिली आहे त्यांना काय आठवतं? त्रिकोणी पट्टीच्या घड्या, मोडलेल्या हाताची झोळी, रक्त थांबवायचे दाबबिंदू, स्ट्रेचर उचलायची कवायत. अभ्यासक्रमात गुदमरण्याचं प्रकरण असे, पण त्यात पहिला मान बुडालेल्याचा आणि धुरात सापडलेल्याचा. घास अडकलेलं मूल असलंच तर चार ओळींत.

कायद्यानंही हीच वाट धरली. १९४८ च्या कारखाने कायद्याचं ४५ वं कलम पाहावं. दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी असे आणि ती पेटी प्रथमोपचाराचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या, कामाच्या वेळात कायम हाताशी असणाऱ्या माणसाच्या ताब्यात असावी लागे. याच कायद्यात तीन कलमं पुढे, ४८ व्या कलमात, स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. ते बालसंगोपनाचं शिक्षण घेतलेल्या बायकांच्या ताब्यात असावं, एवढंच तिथे म्हटलं होतं. प्रथमोपचाराचं नाव नव्हतं. एकाच छपराखाली यंत्रावरच्या माणसाला प्रमाणपत्रवाला आणि पाळण्यातल्या मुलाला संगोपन जाणणारी बाई. महाराष्ट्रात एसटीचा किंवा कुठल्याही प्रवासी गाडीचा वाहक व्हायचं तर परवान्याच्या अर्जाला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते मिळवण्यासाठी वर्गाला बसावं लागतं, हे खेड्यापाड्यातल्या बिल्ला काढणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं. त्या वर्गातून कोण किती शिकून निघतं हा वेगळा विषय. पण चाळीस-पन्नास प्रवाशांची जबाबदारी घेणाऱ्याला निदान एकदा त्या दारातून जावं लागतं. वीस-पंचवीस मुलं सांभाळणारीला ते दार कुणी दाखवलेलं नाही.

आता दुसरी वाट. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे आल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, त्याचं मुखपत्र 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत आणि मराठीत चालू लागलं. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं. ताराबाई तिथेच थांबल्या असत्या तर मराठी बालशिक्षण हा शहरी सुखवस्तू घरांचा छंद होऊन बसला असता. त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात न्यायची, हा विचार तिथला. त्या काळी तिथल्या शिक्षिकेची सकाळ अक्षरांनी सुरू होत नसे. ती मुलांना गोळा करी, आंघोळ घाली, डोकं विंचरी, नखं कापी, खरजेला औषध लावी, खायला घाली, मग गाणं आणि गोष्ट. शिक्षण आणि शरीराची निगा यांत त्यांनी भिंत घातली नाही, हे ताराबाई-अनुताईंचं मोठेपण आहे. तेव्हा बालवाडीनं मुलाच्या शरीराकडे दुर्लक्ष केलं, हा आरोप टिकणार नाही. उलट जगातल्या फार थोड्या बालशिक्षण चळवळी इतक्या खाली, मुलाच्या त्वचेपर्यंत उतरल्या. फक्त त्यांच्यासमोर जे संकट होतं त्याला महिने लागत. आठवडाभर आंघोळ घातली की खरूज हटते, वर्षभर खाऊ दिला की वजन चढतं. त्यांचं सगळं आरोग्यकारण या चालीनं चाललं.

याच परंपरेतली सर्वांत सुंदर गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनं सर्वांत अवघड आहे. मॉन्टेसरीची साधनं महाग, परदेशी सुताराच्या मापाची. कोसबाडनं ती बाजूला ठेवली आणि पाड्यावर फुकट मिळतं ते उचललं: चिंचोके, गुंजा, शंख-शिंपले, गारगोट्या, पानं, फुलं, बिया. मोजणी चिंचोक्यांवर, रंग फुलांवर, नक्षी खड्यांची. दारिद्र्याला शिक्षणाचं साधन करण्याचा हा प्रयोग भारतभर गेला, आणि जायलाच हवा होता. पण मुलाच्या श्वासमार्गाच्या बाजूनं पाहिलं तर या सगळ्या अडकायच्या मापाच्या वस्तू आहेत. अमेरिकेत १९८० पासून तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळी वापरली जाते. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. खेळणं किंवा त्याचा सुटा तुकडा त्या नळीत पूर्ण मावला की ते खेळणं बाद. भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेचा सक्तीचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि आपल्या मानकातही लहान सुट्या भागांची अशीच कसोटी आहे. चिंचोका त्या नळीत सहज मावतो, गुंज मावते, मणी मावतो. वयाची बाब इथे सोडून चालणार नाही. नळीची कसोटी तीन वर्षांखालच्यांसाठी आहे आणि बालवाडीचं वय तीनच्या पुढचं मानतात. कागदावर हे बरोबर. पण अंगणवाडीत थोरली बहीण येते, तिच्या बोटाला धरून धाकटा येतो, आणि चटईवर मोठ्यांच्या चिंचोक्यांशेजारी बसतो. म्हणून चिंचोके फेकून द्या आणि प्लास्टिकचे ठोकळे आणा, असा निष्कर्ष काढणाऱ्याला या शिक्षणाचं मर्म कळलेलं नाही. साधन ठेवायचं असेल तर त्याच्या धोक्याची तोडही त्याच चटईजवळ हवी, इतकंच यातून निघतं. खाऊचंही तेच. उकडलेले हरभरे, शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, मटकीची उसळ: कुपोषणावरचे हे उत्तम उपाय आणि अर्धवट दाढांच्या तोंडाला अवघड घास.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. ताराबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या, पण अंगणवाडीची कल्पना त्यांच्या कामातून आलेली. योजनेच्या सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. यादी नीट वाचली की त्यामागची कालगणना दिसते. आहार रोजचा, लस महिन्याची, तपासणी काही महिन्यांची. आणि जे या साच्यात बसत नाही ते संदर्भ सेवेत, म्हणजे चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. सेविकेला औषधांची पेटी मिळाली, तीत ताप, जुलाब, जखम, डोळे यांची सोय होती. तातडीचं काही करण्याची तिची क्षमता पेटीतल्या वस्तूंवर मोजली गेली. घास अडकलेल्या मुलाला पेटीतली एकही वस्तू कामाची नाही, तिथे फक्त दोन हात लागतात, आणि हातांचा साठा-नोंदवहीत रकाना नसतो. हे उपहासानं म्हणत नाही. सरकारी योजना वस्तू पुरवू शकते, मोजू शकते, तपासू शकते. हाताची सवय पुरवणं तिला जमत नाही, आणि म्हणून ती सवय तिच्या नजरेतून निसटते.

निसटण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत खोल वाटतं. वाहकाला प्रमाणपत्र हवं, कारण वाहकाचं काम हे काम मानलं गेलं. बालवाडीतल्या बाईचं काम हे तिच्या स्वभावाचा विस्तार मानलं गेलं. बाईला मुलं सांभाळता येतातच, मग तिला ते शिकवायचं काय? बालशिक्षणाच्या थोर प्रवर्तकांनीही मातृहृदयाचा गौरव केला, तो अर्थातच मनापासून. पण त्या गौरवाची किंमत शिक्षिकेनंच मोजली. तिला पगाराऐवजी मानधन मिळालं, आणि अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. जिथे कामालाच काम म्हणायला सत्तेचाळीस वर्षं लागली, तिथे त्या कामातल्या एका कौशल्याचं प्रशिक्षण कुणाला आठवणार? आणि मातृहृदय या प्रसंगी फारसं उपयोगाचं नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे. घाबरलेलं प्रेम करतं काय? तोंडात बोट घालून चाचपतं, पाणी पाजतं, केळं भरवतं, उलटं धरून हलवतं. न दिसणारी वस्तू बोटानं काढायला गेलं की ती खाली सरकते, हे आज प्रत्येक प्रथमोपचार पुस्तिकेत आहे. उपजत वाटणारी कृती इथे बहुधा चुकीची असते. म्हणूनच ती शिकावी लागते.

उपाय नेमका कोणता, हे तरी तज्ज्ञांना कुठे ठाऊक होतं, असा सवाल कुणी करील, आणि तो रास्त आहे. १९६३ साली अमेरिकन डॉक्टर हॉगन यानं दाखवून दिलं की उपाहारगृहात जेवता जेवता कोसळलेली आणि हृदयविकारानं गेली असं समजली गेलेली माणसं खरं तर घास अडकून गेली होती. जून १९७४ मध्ये सिनसिनाटीचे छातीचे शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून आपली युक्ती मांडली: मागून मिठी घालायची, बेंबीच्या वर मूठ ठेवायची आणि आत-वर झटका द्यायचा. फुप्फुसात उरलेली हवाच मग अडथळा बाहेर फेकते. युक्ती वर्तमानपत्रांनी उचलली, माणसांचे जीव वाचू लागले, आणि काही महिन्यांत तिला त्यांचं नाव मिळालं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत आधी पाठीवर प्रहार आणि मग हा झटका असा क्रम होता. हाइमलिकना तो मान्य नव्हता. पाठीवर मारण्यानं वस्तू खोल जाते, असं ते हिरिरीनं सांगत राहिले, आणि १९८५ साली अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप (हेही फिलाडेल्फियाचेच, मुलांचे शल्यविशारद) यांनी पाठीवरचे प्रहार घातक ठरवले. वीस वर्षं अमेरिकेत एकच पद्धत चालली. ब्रिटननं मात्र पाठीवरचे प्रहार सोडले नाहीत. ऑस्ट्रेलियानं पोटावरचे झटकेच नाकारले आणि छातीवर दाब देण्याची पद्धत धरली. २००६ मध्ये अमेरिकन रेडक्रॉस पाच प्रहार आणि पाच झटके या क्रमाकडे परतली, आणि २०२५ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांनीही तोच क्रम स्वीकारला. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर झटका द्यायचा नाही, कारण यकृताला इजा होते. बाळाला हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली धरून पाठीवर पाच प्रहार, मग उताणं करून छातीवर पाच दाब. मूल बेशुद्ध पडलं तर छाती दाबून पुनरुज्जीवन सुरू करायचं. आणि मूल जोरानं खोकत असेल तर काहीही न करता त्याला खोकू द्यायचं, हे सगळ्यांना पहिल्यापासून मान्य होतं.

या पन्नास वर्षांच्या भांडणातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की पद्धतींतला फरक तज्ज्ञांसाठी महत्त्वाचा असला, तरी काही करणं आणि काहीच न करणं यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. पाठीवर मारणारा ब्रिटिश आणि पोट दाबणारा अमेरिकन, दोघांनीही माणसं वाचवली. दुसरी आपल्या घरची. ठसका लागला की आजी 'वर बघ' म्हणत पाठीवर थाप मारते. कूपसाहेबांच्या काळात आजी अडाणी ठरली असती. आज तिची थाप बरोबर आहे, फक्त दिशा चुकीची आहे: मूल पुढे वाकलेलं हवं, मान वर केलेली नको, आणि थाप दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं, जोरात हवी. म्हणजे जे शिकवायचं ते समाजाच्या हाताला अगदी परकं नाही. अर्धं त्याच्या हातात आहे, उरलेलं अर्धं दुरुस्त करायचं आहे.

आता मोठा आक्षेप. कुपोषण, रक्तक्षय, हजेरी हे प्रश्न लाखो मुलांचे; घास अडकून मूल दगावणं विरळ. मर्यादित पैसा आणि वेळ विरळ प्रसंगावर का घालवायचा? आक्षेप गंभीर आहे, कारण सार्वजनिक आरोग्याचं गणित असंच मांडायचं असतं. पण त्या गणितात खर्चाचीही बाजू असते. इथे औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. एक सरावाची बाहुली, एक शिकवणारा, दोन-तीन तास, आणि वर्षाकाठी उजळणी. शिवाय हा प्रसंग विरळ असला तरी त्यातली जबाबदारी दुसऱ्याकडे ढकलता येत नाही. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले. पण प्राणवायू तुटला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेवढ्यात मुंबईतल्या गल्लीतही गाडी पोचेल याची खात्री नाही, मग मेळघाटातल्या किंवा जव्हारच्या पाड्यावर कुठली? कुपोषित मुलाला आज नाही तर उद्या गाठता येतं, त्याच्यासाठी डॉक्टर, परिचारिका, आशा, आई असे चार हात आहेत. गुदमरणाऱ्या मुलासाठी त्या क्षणी खोलीत जो कोणी मोठा माणूस आहे तेवढाच.

अर्धवट ज्ञान घातक, असा दुसरा आक्षेप. दोन तासांत शिकलेली बाई बाळाच्या पोटावर झटके देईल आणि यकृत फाटेल. असं घडू शकतं. पण प्रशिक्षण न दिल्यानं ती स्वस्थ बसणार आहे, हे या आक्षेपातलं गृहीत चूक आहे. ती बोट घालणार, पाणी पाजणार, उलटं टांगणार. तुलना करायची तर ती शिकलेली चूक आणि न शिकलेली चूक यांच्यात करावी लागेल, आणि त्यात शिकलेली चूक कमी धोक्याची आहे. कायद्याची भीतीही पुष्कळदा पुढे केली जाते: काही झालं तर पालक ताईच्या अंगावर येतील. पालकांचा संताप कायदा थांबवू शकत नाही. पण सद्भावनेनं, समोरच्याच्या हितासाठी, संमती घ्यायला अवधी नसताना केलेल्या कृतीला १८६० च्या दंड संहितेतल्या ९२ व्या कलमानं संरक्षण दिलं होतं, आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ३० व्या कलमात ते कायम आहे. ही माहितीसुद्धा प्रशिक्षणाचाच भाग व्हायला हवी.

तिसरा आक्षेप सेविकांच्या बाजूनं येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आहार, लसीकरणाची बोलावणी, गरोदर बायकांच्या घरभेटी, २०२१ पासून पोषण ट्रॅकरवरची नोंद, मतदार याद्यांची कामं, सर्वेक्षणं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीपर्यंत चालला, तो या ओझ्याचा आणि तुटपुंज्या मानधनाचा परिणाम होता. त्यांच्या डोक्यावर आणखी एक जबाबदारी ठेवताना ती मानधनाच्या दिवसांतच, कामाचा भाग म्हणून शिकवली गेली पाहिजे, आणि तिच्या बदल्यात एखादी नोंदवही तरी कमी झाली पाहिजे. जबाबदारी वाढवायची आणि तिची किंमत सद्भावनेत मोजायची, हा जुनाच मार्ग झाला. खासगी नर्सरीतल्या शिक्षिकेची स्थिती याहून बरी नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून लागू होतो, त्यामुळे तिची शाळा बराच काळ कुठल्याच कायद्याच्या कक्षेत नीट बसत नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. २०२३ पासून अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी, पढाई भी' ही प्रशिक्षणं सुरू झाली. तीन दिवसांच्या त्या प्रशिक्षणात दोन तास काढणं अशक्य नाही.

इतर देशांत हे आपसूक झालं, असं समजू नये. इंग्लंडात २०१२ साली पाळणाघरात नऊ महिन्यांची एक मुलगी घास अडकून गेली. तिच्या आईवडिलांनी मोहीम चालवली, आणि सप्टेंबर २०१६ पासून नव्यानं पात्र ठरलेल्या बालसेविकांना मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. २०२५ पासून तर मुलं खात असताना असं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती त्याच खोलीत हवी, असा नियम आहे. जपानमध्ये सेत्सुबुनच्या सणाला भाजलेले सोयाबीन उधळायची आणि खायची प्रथा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे देऊ नका, असं २०२१ मध्ये तिथल्या ग्राहक खात्याला जाहीर करावं लागलं. नियम झाले ते मूल गेल्यावर. आपल्याकडेही मुलं गेली आहेत, फक्त त्या बातम्या जिल्हा पानावर एक दिवस राहतात.

हे काम मुंबईहून आदेश निघण्याची वाट पाहत बसण्याजोगं नाही. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीनं, बीटवार बैठकीतच ते करू शकतो. सेविकांची ही बैठक अशीही होतेच. खासगी बालवाडीत पालकांनी जूनमध्ये फी भरताना बाकीच्या चौकशीबरोबर एवढं विचारावं: खाऊच्या वेळी मुलांजवळ कोण असतं, आणि तिनं हे शेवटचं कधी शिकलं आहे? सराव वर्षातून एकदा तरी झालाच पाहिजे, कारण हे कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागतं, आणि त्यानंतर भिंतीवरची फ्रेम तेवढी उरते. प्रशिक्षणाला फक्त सेविकेला बोलावून भागणार नाही. मुलं खात असतात तेव्हा सेविका बहुधा नोंदी भरत असते. ताटं मांडणारी, वाढणारी आणि मुलांच्या तोंडाकडे पाहणारी मदतनीस असते. यादीत तिचं नाव पहिलं हवं.